बारा तासांची पाळी, ऊसतोडीचा कोयता आणि कामगाराच्या तब्येतीचं बिल

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर न्यायचं ठरलं. पुढे २१ नोव्हेंबरला केंद्र सरकारनं चार कामगार संहिता लागू केल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत आणि जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत दोन प्रश्न सारखे विचारले जातात. आपले तास वाढणार का? आणि हातात येणारा पगार कमी होणार का?

दोन्हींची उत्तरं थोडक्यात देतो. संहितेनुसार नेहमीचा दिवस ८ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा आहे. त्याहून जास्त काम म्हणजे ओव्हरटाइम. त्याला कामगाराची संमती लागते आणि त्याचा दर दुप्पट असतो. पगाराचं म्हणाल तर, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग आता ‘वेतन’ म्हणून धरायचा आहे, त्यामुळे ग्रॅच्युइटीसारख्या गोष्टींचा हिशोब वाढीव रकमेवर होईल. पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच कापला जात असेल, तर हातातल्या पगारात त्यामुळे फरक पडायचं कारण नाही.

पण या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. कामगाराचं भलं हा मालकाच्या खिशातून जाणारा खर्च आहे आणि तो वाढला की धंद्याचं नुकसान होतं, असं दोन्ही बाजूंचे लोक मानून चालतात. अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत हे गृहीतक प्रत्यक्ष आकड्यांवर तपासून पाहिलं आहे. त्यांना जे आढळलं ते मराठवाड्यानं नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण या हिशोबाची सगळ्यात जबर किंमत आपल्याच माणसांनी मोजली आहे.

आधी ‘बरं असणं’ म्हणजे काय ते ठरवू

कामगार बरा आहे म्हणजे नुसता आजारी नाही, एवढंच नव्हे. अंग धड असणं, झोप पुरी होणं, डोक्याला देण्याघेण्याचा घोर नसणं, कामाच्या जागी कुणी अपमान करत नसणं आणि पुढच्या महिन्यातही काम असेल याची खात्री, हे सगळं त्यात येतं. दुसरा शब्द उत्पादकता. एका तासाच्या कामातून किती माल किंवा किती सेवा निघते, त्याचं हे माप. या लेखापुरते हे दोन शब्द पुरेत.

कारखान्याच्या ताळेबंदात मजुरी ही वीज आणि कच्च्या मालाच्या शेजारी बसते. पण लोखंडाची सळई काल रात्री झोपली नाही म्हणून आज वाकडी निघत नाही. माणसाच्या कामाचा दर्जा मात्र त्याच्या अवस्थेप्रमाणे बदलतो. ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरांमध्ये हे मोजलं गेलं. सहा महिने दर आठवड्याला कामगारांना पाच चेहऱ्यांच्या चित्रांतून आपल्या मनःस्थितीला जुळणारा चेहरा निवडायला सांगितलं आणि त्याची सांगड त्यांच्या विक्रीशी घातली. मनःस्थिती एक पायरी सुधारली की विक्री सुमारे १२-१३ टक्क्यांनी वाढत होती. तास वाढले नव्हते. तेवढ्याच तासांत गिऱ्हाइकाशी बोलणं जास्त जमत होतं.

तास वाढले की माल वाढतो का?

एका मर्यादेपर्यंत वाढतो. ही मर्यादा कुठे येते ते शोधायला स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल शंभर वर्षं मागे गेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत मुख्यतः बायका काम करत होत्या. देशावर संकट होतं, त्यामुळे तास वाटेल तेवढे ताणले जात होते आणि सरकारी समितीनं प्रत्येक आठवड्याचे तास आणि निघालेला माल यांची काटेकोर नोंद ठेवली होती. पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये त्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या. आठवड्याला ४९ तासांपर्यंत काम जितकं वाढेल तितका माल वाढत होता. त्यानंतरच्या प्रत्येक तासाला निघणारा माल कमी कमी होत गेला. आठवड्याला ७० तास काम करणाऱ्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त नव्हता. मधले १४ तास जवळजवळ वाया जात होते.

२०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं आणि देशभर वाद झाला. त्या वादात देशभक्ती, मेहनत, आळस सगळं आलं, पण दारूगोळ्याच्या कारखान्यातली ही नोंद फार कमी जणांनी पुढे आणली.

शरीरावर काय होतं तेही मोजलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

इथं एक रास्त आक्षेप येतो. बारा तासांचे चार दिवस केले तर आठवड्याचे ४८ तासच होतात, वर तीन दिवस सुट्टी. मग बिघडलं कुठे? कागदावर काही बिघडत नाही. पण गंगापूर किंवा पैठणकडून रोज वाळूजला येणाऱ्याच्या दिवसात जाण्यायेण्याचा वेळही धरावा लागतो. बारा तासांची पाळी, वर दोन-अडीच तास प्रवास, म्हणजे घरी जेवून झोपायला जेमतेम वेळ. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ओव्हरटाइमला बोलावणं आलं तर हंगामी कामगाराला नाही म्हणता येतं का, हा खरा प्रश्न आहे. संमती लेखी असली तरी ती देणाऱ्याला दुसरं काम मिळण्यासारखं असेल तरच त्या सहीला किंमत असते.

‘मला स्वतःलाच ओव्हरटाइम हवा आहे’ असं सांगणारे कामगार पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. आठ तासांच्या पगारात घरभाडं, मुलांची फी, गावाकडचा हप्ता भागत नाही, म्हणून तो ओव्हरटाइम मागतो. त्याची मागणी नीट ऐकली तर ती पगाराबद्दल आहे.

डोक्यावर देणं असलं की हात चुकतात

ओडिशात पत्रावळी बनवणाऱ्या मजुरांवर एक प्रयोग झाला. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लाइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीत काम नसलेल्या, हातातोंडाशी गाठ पडण्याच्या दिवसांत या मजुरांना नगावर मजुरीचं काम दिलं. मजुरी सगळ्यांना सारखीच. फरक एवढाच की काहींना कमावलेल्या मजुरीचा मोठा भाग थोडे दिवस आधी मिळाला आणि काहींना शेवटी. पैसे हातात पडले की लोक उधाऱ्या फेडत होते. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम सरासरी ७ टक्क्यांनी वाढत होतं, जास्त गरिबांचं १३ टक्क्यांच्या आसपास. चुकाही कमी होत होत्या. मजुरीचा दर एका पैशानंही वाढला नव्हता. डोक्यातला घोर तेवढा कमी झाला होता.

याच धर्तीवर तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची ऊस जाण्याआधी आणि गेल्यानंतर अशी दोनदा चाचणी घेतली गेली. पैसा हातात आल्यावर तेच शेतकरी विचाराच्या चाचण्यांमध्ये जास्त चांगले ठरले. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, असं सहज म्हणणाऱ्यांनी यावर थांबून विचार करावा.

कुणी म्हणेल, मग ऊसतोड कामगाराला तर हंगामाआधीच लाखाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, त्याचा घोर सगळ्यात कमी असायला हवा. तसं होत नाही. ओडिशातल्या मजुराला त्यानं कमावलेले पैसे मिळाले होते. उचल हे कर्ज असतं आणि ते अंगावर घेऊनच माणूस उसाच्या फडात उतरतो.

पत्र्याखालचा मे महिना

मराठवाड्यात पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जालन्याला भट्टीजवळ काम करणाऱ्याला बाहेरचा उन्हाळा वेगळा मोजायची गरजच नसते. भारतातल्या कारखान्यांची आकडेवारी तपासून ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की तापमान एका अंशानं जास्त असलं की कारखान्याचं वार्षिक उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटतं. एक तर उकाड्यात कामाचा वेग मंदावतो, आणि गैरहजेरीही वाढते.

बेंगळुरूच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत वीज वाचवायला म्हणून जुने दिवे काढून एलईडी लावले. एलईडी कमी तापतात. त्यामुळे शिलाई यंत्रांजवळची उष्णता थोडी उतरली आणि तापलेल्या दिवसांत काम वाढलं. वाढलेल्या कामातून मिळालेला फायदा विजेच्या बचतीहून मोठा निघाला.

प्रत्येक उपाय असाच फळतो असं नाही. चेन्नईत डेटा एन्ट्री करणाऱ्या गरीब कामगारांची रात्रीची झोप अर्ध्या तासानं वाढवून पाहिली, तर उत्पादकतेत काही फरक पडला नाही. उकाडा, आवाज, डास यांत ती झोपच तुटक होती. तेच कामाच्या ठिकाणी दुपारी अर्ध्या तासाची वामकुक्षी घेऊ दिली, तर कामाची धार आणि मनःस्थिती दोन्ही सुधारली.

जास्त पगार देऊन नफा कसा होईल?

जानेवारी १९१४ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्डनं मोटारीच्या कारखान्यातली मजुरी जवळजवळ दुप्पट करून रोजी ५ डॉलर केली आणि पाळी ९ तासांवरून ८ तासांवर आणली. दयाबुद्धीनं केलं म्हणावं तर त्याच्या वहीतलं कारण वेगळं होतं. १९१३ मध्ये त्याच्याकडे कामगार इतक्या वेगानं सोडून जात होते की १०० जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात ३७० माणसं घ्यावी लागत होती. प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचं, त्यानं माल बिघडवायचा आणि दोन महिन्यांत त्यानंही निघून जायचं. मजुरी वाढल्यावर १९१५ पर्यंत हे प्रमाण १०० ला १६ वर आलं. अर्थशास्त्रात याला कार्यक्षमता वेतन म्हणतात: बाजारभावापेक्षा थोडी जास्त मजुरी दिली की माणूस टिकतो, मन लावून काम करतो, त्याच्यावर देखरेखीचा खर्च कमी होतो आणि वाढीव मजुरी वसूल होते.

पण फोर्डची गोष्ट सांगणारे दोन गोष्टी गाळतात. ती मजुरी मिळण्यासाठी अटी होत्या आणि कंपनीचे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊन त्यांची राहणी बघत. शिवाय फोर्डच्या गाडीला तेव्हा इतकी मागणी होती की नफ्यात भरपूर जागा होती. जालन्यातल्या छोट्या रोलिंग मिलकडे किंवा वाळूजमधल्या मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या वीस माणसांच्या वर्कशॉपकडे तेवढी जागा नसते. तिथं भाव मोठी कंपनी ठरवते. म्हणून ‘पगार वाढवा, नफा आपोआप वाढेल’ असं सरसकट सांगणं मला पटत नाही.

मग मालक स्वतःहून का करत नाहीत?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे. त्यासाठी शेताचं उदाहरण घेऊ.

स्वतःच्या रानात शेतकरी शेणखत टाकतो, तलावातला गाळ आणून पसरतो, बांधबंदिस्ती करतो. त्याचं फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिळतं आणि तेव्हाही रान त्याचंच असतं. तेच रान एका सालासाठी ठोक्यानं केलं, तर करणारा युरिया टाकेल, पीक काढेल आणि पुढच्या वर्षी दुसरं रान बघेल. माणूस तोच, अक्कलही तीच. शेणखताचा फायदा आपल्याला मिळणार नाही हे त्याला कळतं, एवढाच फरक.

कामगाराच्या तब्येतीवर केलेल्या खर्चाचंही असंच आहे. वीस वर्षं राहणाऱ्या कायम कामगाराची पाठ धरली तर ते कंपनीलाच भोवतं. म्हणून तिथं कँटीन असतं, डॉक्टर असतो, बसची सोय असते. ठेकेदाराकडून अकरा महिन्यांसाठी आलेल्या मुलाची पाठ बाराव्या महिन्यात धरली तर कंपनीच्या वहीत ती कुठेच दिसत नाही. ती दिसते त्याच्या घरात, सरकारी दवाखान्यात, गावातल्या सावकाराच्या चोपडीत. एकाच्या व्यवहाराची किंमत त्या व्यवहारात नसलेल्यानं भरणं, याला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. नदीत सांडपाणी सोडणारा कारखाना हे त्याचं नेहमीचं उदाहरण. कामगाराच्या शरीरातही असंच काही सोडलं जातं, ते सांडपाण्यासारखं डोळ्यांना दिसत नाही.

म्हणजे कामगाराचं बरं असणं फायद्याचं आहे, हे खरंच. पण खर्च करणारा आणि फायदा मिळणारा एकच असेल तिथंच तो फायदा आपोआप उभा राहतो. जितका कामगार तात्पुरता आणि मालकापासून जितका लांब, तितकं त्याच्या तब्येतीकडे बघणारं कुणी उरत नाही.

बीडमध्ये हे बिल कुठे उतरलं

दसरा झाला की बीड, धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला इथं ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचल, हिशोब सगळं कोयत्यावर चालतं. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो, त्याखाली मुकादम, मुकादमाखाली टोळी. कारखान्याच्या दृष्टीनं कामगार आपला नाही. मुकादमाच्या दृष्टीनं तो पट्टा पडेपर्यंतचा, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचा.

आता हिशोब बघा. २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. समजा एका कोयत्यानं एक लाख उचल घेतली आणि रोज दोन टन ऊस तोडला. ती उचल फिटायला २७३ टन तोडावा लागतो, म्हणजे सुमारे १३७ दिवस, एकही खाडा न करता. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर पंचवीस हजारांहून जास्त देणं अंगावर राहतं आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. या सगळ्या दिवसांचं खाणंपिणं यात धरलेलंच नाही. ते आठवड्याच्या खर्चीतून आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून भागवायचं.

आणि खाडा झाला तर? बऱ्याच टोळ्यांत एका खाड्याला ५०० रुपये किंवा त्याहून जास्त दंड आहे. त्या दिवसाची मजुरीही गेली. वर सांगितलेल्या हिशोबात जोडीपैकी एक आजारी पडून काम थांबलं, तर ७३२ रुपये बुडाले आणि ५०० वरून गेले. एका दिवसाच्या तापाची किंमत बाराशे रुपये. डॉक्टरची फी अजून द्यायचीच आहे.

या हिशोबात बाईचं शरीर कुठे बसतं ते पाहा. पहाटे उठून कोपीवर (राहायच्या झोपडीत) भाकरी करायच्या, अंधारातच फड गाठायचा, दिवसभर वाकून मोळ्या बांधायच्या आणि गाडी आली की, ती रात्री आली तरी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढून भरायची. संडास नाही, न्हाणी नाही, पाण्याची नीट सोय नाही. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा. अंगावरून जायला लागलं, ओटीपोटात दुखायला लागलं की खासगी दवाखान्यात जायचं. तिथं काहींना कॅन्सरची भीती घातली गेली, काहींनी रोजचा त्रास आणि रोजचा खाडा एकदाचा संपावा म्हणून होकार दिला. ‘पिशवी काढली’ हे वाक्य गावोगाव सहज कानावर येऊ लागलं.

२०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे सर्वेक्षण आलं, त्यात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती. जवळजवळ सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. ऐन तिशीत पिशवी गेली, त्यासोबत अंडाशयही काढले असतील, तर हाडं लवकर ठिसूळ होतात, कंबर-सांधे धरतात. पण उचल फिटेपर्यंत मोळी उचलावीच लागते.

ऑपरेशनचा खर्च मुकादमाकडून नवी उचल घेऊन भागवला जातो. म्हणजे कामानं शरीर बिघडवलं आणि ते दुरुस्त करायचं कर्जही कामगारानंच काढलं. बाह्य खर्च हा शब्द पुस्तकात फार कोरडा वाटतो. बीडमध्ये तो या बायकांच्या अंगावर उतरला आहे.

शिबिरं, योगा, टी-शर्ट वाटले तर?

त्यानं फारसं काही होत नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं आपल्या सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांवर प्रयोग करून पाहिला. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काहींना आरोग्य कार्यक्रमात घेतलं, काहींना नाही. तब्येत, गैरहजेरी, उपचाराचा खर्च यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अशा कार्यक्रमात हौसेनं भाग घेणारे मुळातच जास्त निरोगी होते. कामाचे तास, दर आणि खाडा तसेच ठेवून वर्षातून एकदा तपासणी शिबिर घेतलं तर फोटो निघतात.

खर्च वाढला तर धंदा परराज्यात जाईल, त्याचं काय?

काही धंद्यांच्या बाबतीत ही भीती खरी आहे. सुट्या भागांचा कारखाना गुजरातला जाऊ शकतो. पण एकट्या मालकानं सुधारणा केली तर तो मागे पडतो, सगळ्यांनी एकदम केली तर कुणीच मागे पडत नाही. हे आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी घडलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. एखाद्याच गिरणीनं सुट्टी दिली असती तर तिला शेजारच्या गिरणीची धास्ती वाटली असती. सगळ्यांनी मिळून दिली म्हणून ती टिकली.

ऊस तर कुठे जातही नाही. तोडल्यावर तो लवकर गाळावा लागतो, नाहीतर साखरेचा उतारा घटतो, म्हणून कारखाना उसाच्या जवळच असावा लागतो. आणि खर्च तरी किती? एक टन उसातून ढोबळमानानं १०० किलो साखर निघते. तोडणीचा दर टनाला ९३ रुपयांनी वाढला, म्हणजे साखरेच्या किलोमागे ९३ पैसे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचं ठरलं, ते किलोमागे १० पैसे होतात. सरकारनंही तेवढीच भर घालायची आहे. फडाजवळ फिरता दवाखाना, मोरीसंडास, आजारपणात खाडा माफ, अपघात विमा हे सगळं धरलं तरी बोलणं किलोमागच्या पैशांचंच आहे. मळी, बगॅस (उसाचं चिपाड), इथेनॉलचं उत्पन्न यात धरलेलंही नाही.

यंत्र आलं तर?

मजुरी वाढली की हार्वेस्टर येईल आणि आहे ते कामही जाईल, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. यंत्रं येतच आहेत आणि पुढे वाढतील. लहान तुकड्यांत, अरुंद सऱ्यांत त्यांना अडचण येते म्हणून कोयता अजून टिकून आहे. पण मजुरी कमी ठेवून यंत्र थांबत नाही, फक्त उशिरा येतं. त्या मधल्या वर्षांत मुलगी बारावी होते की टोळीबरोबर फडात जाते, यावर पुढच्या पिढीचं ठरणार आहे. अंग मोडलेला, कर्जात असलेला कामगार नवं काम शिकायला सगळ्यात कमी तयार असतो. म्हणून यंत्र येणार असेल, तर त्याआधीच ही माणसं धडधाकट आणि देणेमुक्त होणं जास्त गरजेचं आहे.

कायद्यातली फट

नव्या संहितेत स्थलांतरित कामगारांसाठी तरतुदी आहेत. गावी जाण्यायेण्याचा भत्ता, जिथं काम तिथं रेशन, असं बरंच काही. पण व्याख्या आहे ‘आंतरराज्य’ स्थलांतरिताची, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला गेलेल्याची. केजची जोडी बेळगावला गेली तर ती या व्याख्येत बसू शकते. तीच जोडी सांगलीला गेली, तेच काम केलं, तशाच कोपीत राहिली, तर बसत नाही. आणि आपल्याकडचे बहुतेक कोयते राज्यातच राहतात.

ही फट राज्य सरकारनंच बुजवायची आहे आणि सुरुवात कागदापासून होऊ शकते. वजनकाट्याच्या पावतीवर शेतकऱ्याचं नाव असतं, वाहनाचा नंबर असतो, तोडणी-वाहतूक ठेकेदाराचं नाव असतं. ऊस किलोपर्यंत मोजलेला असतो. त्याच नोंदीत कोयत्यातल्या दोघांची नावं वेगवेगळी आली, बाईचं नाव नवऱ्याच्या खाली न जाता स्वतंत्र आलं, तर विमा, पीएफ, प्रसूतीची मदत, अपघाताची भरपाई यांतलं काहीही मागायला तिच्याकडे पहिला पुरावा असेल. ग्रामसेवकाकडून मिळणारं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र त्या नोंदीला जोडता येईल. तोडणीदराचा पुढचा करार होईल तेव्हा टनाच्या दराबरोबर खाड्याची पद्धत आणि ही नोंद हे दोन विषय बोलणीच्या कागदावर असायला हवेत. आतापर्यंत बातम्यांमध्ये फक्त दराचा आकडा येत आला आहे.